खोली

ऑब्री टिल्ब्रुकने नॉटिंगहॅममधलं घर विकलं,
चौतीस वर्षं ज्या खुर्चीत लोकांचे दात उपटले
ती खुर्चीही विकली,
आणि घेतली सत्तेचाळीस फुटांची यॉट.
पाण्याखाली सात फूट.
हे सात फूट तेव्हा कुणी मोजून दाखवले नव्हते;
विकणाऱ्याने शिडाचं कापड दाखवलं, सागवानी डेक,
झोपायच्या तीन जागा.

आता एसेक्सच्या या खाडीत,
जिथे ओहोटीला पाणी
माणसाच्या घोट्याशी बोलतं,
तो विचारत हिंडतोय:
जागा आहे का?

मरीना म्हणाली, यादीत नाव घाला. बारा वर्षं.
तो हसला. एकाहत्तरचा आहे.
क्लबच्या सेक्रेटरीने नकाशा उलगडला,
निळ्यावरून बोट फिरवत नेलं
आणि जिथे हिरवा सुरू होतो तिथे उचलून घेतलं.
खाडीच्या मुखाशी आहेत बोये, खोल पाण्यातले,
पण तिथून किनारा दीड मैल, वल्हवत,
आणि गुडघे तर लाकडाचे झालेले.

शेवटी हिल्डा मसेटकडे आला.
तिच्या हातात बांबू, फुटाफुटावर रंगाचे पट्टे,
तिच्या बापाने मारलेले, खालचे तीन पुसट.
अर्ध्या भरतीत, होडीतून बांबू बुडवत
ती आकडे सांगत गेली:
चार. साडेतीन. चार.
दोन, आणि एक मेलेला खेकडा.
"इथे एक वावही पाणी नाही," ती म्हणाली,
"आणि तुला हवं वावाहून जास्त."
वाव नाही, हे त्याने वर्षभर
इतक्या सभ्य आवाजांत ऐकलं होतं
की तिचं तोंडावर सांगणं बरं वाटलं.

मग ती वळली एका चराकडे.
तिथे पूर्वी विटा वाहणारा बार्ज पडून होता,
चाळीस हिवाळे;
कुजला, फळ्या लोकांनी जळणाला नेल्या,
पण त्याचं बूड अजून गाळात उमटलेलं,
जसा पाहुणा उठून गेल्यावर
गादीत खड्डा.
हिल्डाने बांबू टोचला.
बांबू गेला. आणखी गेला.
लाल पट्टा, पांढरा पट्टा, पुन्हा लाल,
तिची मनगटं गेली.
"पाणी नाही," ती म्हणाली, "पण मऊ आहे.
गाळाकडे यादी नसते."

सप्टेंबरचं उधाण, रात्री एक वाजून दहा.
चार खुंटांना चार दोर,
हिल्डाने प्रत्येक गाठ दोनदा ओढून पाहिली,
चहा नको म्हणाली, गेली.
मग पाणीही निघालं.

ऑब्री केबिनमध्ये. टेबलावर पेला, पेल्यात अर्धं पाणी,
त्या पाण्याची रेघ बघत बसला.
आता कलेल. आता कलंडेल.
मनात कपाटातल्या बशा फुटून झाल्या,
डोलकाठी आडवी झाली,
मुलीला फोन करून झाला.
बाहेर गाळ चुटचुटत होता, बुडबुडे सोडत होता,
अंधारात एक टिलवा शीळ घालून थांबला.
आयुष्यभर त्याने मुळं उपटली होती;
आता तळव्यांखाली
काहीतरी मुळासारखं रुतत होतं,
इंचाइंचाने, न दुखता.

पेल्यातली रेघ हलली नाही.

पहाटे खिडकीत पाणी नव्हतंच,
फक्त चकाकता करडा गाळ,
आणि त्यात सरळ उभं सत्तेचाळीस फूट काहीतरी,
स्वतःचंच आश्चर्य वाटल्यासारखं.

पुढे भांगाचे दिवस आले.
पाणी आलं, पोटाला लागलं, उचलेना.
नऊ दिवस यॉट जागची हलली नाही.
कुठे निघालात, असं धक्क्यावर कुणी विचारलं
की ऑब्री म्हणे, बुधवारी.

हिल्डाची वही. नाव लिहिलं, लांबी लिहिली,
भाडं: आठवड्याला बावीस पौंड.
खोली, या रकान्यापाशी पेन अडलं.
पाणी धरायचं की गाळ?
मग लिहिलं: तिची तिने केली.
खाली तारीख.
आणि समासात, पेन्सिलीने:
मागचा डावा दोर बदलणे.